दुखणाईत वृद्धांची सोबत

(मंडळीत एकत्र वाचून विचार करण्यासाठी पाठ)

या पाठात आम्ही अशा एका विषयाचा विचार करणार आहो की, ज्याविषयी घरोघर हळू आवाजात बोलले जाते, पण चारचौघांत क्वचितच. वयाने थकलेली व अंथरुणास खिळलेली माणसे शुश्रूषागृहात किंवा वृद्धाश्रमात ठेविली असता त्यांस तेथे कशी वागणूक मिळते, ती वाईट असल्यास तिचे मूळ कशात आहे, आणि आपणांसारख्या खेड्यांतील माणसांच्या हाती त्यावर काय उपाय आहे, हा तो विषय होय. आमचे म्हणणे आरंभीच सांगून ठेवितो. अशा हालअपेष्टांचे मूळ पुष्कळदा कोणाच्या दुष्टपणात नसते. ते सोबत तुटण्यात असते. ज्या वृद्धाकडे नियमाने येऊन पाहणारे कोणी आहे, त्याची हेळसांड फार दिवस लपून राहत नाही. ज्याचे पैसे येतात पण माणूस येत नाही, त्याची हेळसांड कोणास कळतच नाही.

१. हा विषय आपल्या दाराशी कसा आला

बोर्ली पंचतन, दिवेआगर, वेळास, भरडखोल, दिघी या गावांची स्थिती वाचकांस ठाऊकच आहे. वाडी, भाताची खाचरे आणि मासेमारी यांवर सर्व घर चालत नाही, म्हणून तरुण माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जात आली आहेत, आणि कित्येक घरांतील मुलगे आखाती देशांत गेले आहेत. मागे राहतात ते आईबाप. ता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले; घरांची छपरे उडाली आणि उभ्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लाविल्यापासून फळ धरीपर्यंत पाचसात वर्षे जातात. सत्तरी उलटलेल्या माणसाने तितकी वाट कशाच्या बळावर पाहावी? ज्यांची मिळकत त्या दिवशी गेली, त्यांस मुलांच्या तोंडाकडे पाहणे अधिकच भाग पडले.

२०११ च्या जनगणनेत भारतात साठ वर्षांवरील माणसे दहा कोटींहून अधिक होती, आणि महाराष्ट्रात दर शंभर माणसांत सुमारे दहा जण त्या वयाचे होते. अशा वयात अर्धांगवायू झाला, खुब्याचे हाड मोडले, किंवा स्मृती जाऊ लागली, म्हणजे घरात रात्रंदिवस माणूस लागतो. सून नोकरीस, मुलगा परदेशी, शेजारीण स्वतःच थकलेली. मग श्रीवर्धन, माणगाव, पनवेल किंवा मुंबई येथे कोठेतरी खाट पाहिली जाते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की लहान खाजगी इस्पितळ समजतात. पाश्चात्त्य देशांत मात्र वृद्धांनी कायमचे राहावयाच्या जागेस ते नाव आहे. आता आपल्या शहरांतही अशा जागा निघाल्या आहेत. म्हणून या पाठात दोहोंचाही विचार एकत्र केला आहे. वृद्धास तेथे ठेविणे हे स्वतः पाप नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. घरी एकटे पडून राहण्यापेक्षा चांगल्या जागी राहणे बरे. ठेविल्यावर आपण काय करितो, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या देशात इस्पितळात कोणी दाखल झाले की पहिला प्रश्न होतो, “सोबतीला कोण आहे?” खाटेखाली चटई टाकून बसलेली बहीण, डब्यात पेज घेऊन आलेला भाऊ, ही आपली जुनी रीत आहे. ती अडाणीपणाची नव्हे. तीत दुखणाइताचे मोठे रक्षण आहे. जेथे दीर्घकाळ राहावयाचे असते, तेथे ही रीत पहिल्या महिन्यातच गळून पडते.

२. वाईट वागणूक कशास म्हणावे

जागतिक आरोग्य संघटना वृद्धांच्या छळाचे प्रकार असे सांगते: शरीरास इजा, मनास इजा, लैंगिक अत्याचार, पैशाची लुबाडणूक आणि हेळसांड. तिच्या अंदाजाप्रमाणे साठीवरील दर सहा माणसांपैकी एकास वर्षभरात यांपैकी काही ना काही सोसावे लागते. आणि संस्थांतून काम करणाऱ्यांच्या पाहण्यांत तर दर तिघांपैकी दोघांनी आपल्या हातून असे काही घडल्याचे स्वतः सांगितले. ता. १५ जून हा दिवस याच अन्यायाकडे लोकांचे लक्ष वेधण्यासाठी जगभर पाळितात.

छळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उगारलेला हात येतो. परंतु अधिक घडते ते निराळेच. एका शहरातील एका शुश्रूषागृहात आम्ही मागे एका वृद्ध कोळी भगिनीच्या भेटीस तिच्या भाच्याबरोबर गेलो होतो. स्थळाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथील आयाबाई म्हणाल्या, “आजी फार हट्टी आहेत. पाणी ठेवले तरी पीत नाहीत.” पाणी ठेविले होते हे खरे, परंतु ते खिडकीच्या कट्ट्यावर होते, आणि आजींची उजवी बाजू वाऱ्याने गेलेली होती. भाच्याने विचारले, “मावशी, पाणी देऊ का गं?” तिने मान हलविली, आणि हळूहळू दोन पेले संपविले. येथे कोणी मारिले नव्हते, कोणी शिवी दिली नव्हती. तथापि एक माणूस तहानेने कोरडे पडत होते, आणि त्याच्या नावापुढे हट्टी असा शब्द लागला होता.

त्या आयाबाईंवर दोष टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण आपण हेही पाहावे की, पुष्कळ ठिकाणी एका बाईकडे बारा तासांची पाळी, रात्री अनेक खाटा, आणि हातात तुटपुंजे वेतन असते. तिला कूस कशी बदलावी हे कोणी नीट शिकविलेलेही नसते. पुष्कळदा ती आपल्याच एखाद्या खेड्यातून पोटासाठी गेलेली असते. माणसे कमी, शिक्षण कमी, देखरेख कमी, आणि पाहणारे कोणी नाही, या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे भला माणूसही हळूहळू कठोर होतो.

३. येऊन पाहणाऱ्यांचे दाखले

पहिला दाखला इंग्लंडातील आहे. १९३५ साली मार्जरी वॉरेन या डॉक्टरबाईंकडे लंडनच्या पश्चिमेस वेस्ट मिडलसेक्स इस्पितळाला जोडलेल्या एका जुन्या दरिद्रीगृहाचा रुग्णविभाग आला. तेथे सातशेंहून अधिक माणसे होती, आणि त्यांतील पुष्कळ वर्षानुवर्षे खाटेवर पडून होती. यांचे काही होणार नाही, असे सर्वांनी ठरवून टाकिले होते. वॉरेनबाईंनी एकेकास नीट तपासिले, रोगाप्रमाणे त्यांची वाटणी केली, खोल्या उजेडाच्या केल्या, व्यायाम देऊन माणसांस उठविले, चालविले. कित्येक आपल्या घरी परत गेले. त्यांस खाटेवर खिळविणारा रोग नव्हता. खाटेवर पडून राहण्यानेच ते खिळले होते. वृद्धांच्या वैद्यकशास्त्राचा पाया त्या देशात या कामाने घातला गेला.

दुसरा दाखला त्याच देशातील, पण तीस वर्षांनंतरचा. बार्बरा रॉब नावाच्या बाई १९६५ साली आपल्या ओळखीच्या एका वृद्धेस भेटण्यास लंडनच्या फ्रायर्न इस्पितळात गेल्या. तेथील वृद्ध स्त्रियांचे चष्मे, कवळ्या व ऐकण्याची यंत्रे काढून ठेविलेली त्यांनी पाहिली. दिसत नाही, ऐकू येत नाही, चावता येत नाही, आणि दिवसभर करावयास काही नाही. मग अशा माणसास वेड लागले असे म्हणावयास किती वेळ? बाईंनी वर्तमानपत्रात लिहिले, परिचारिकांच्या व इतरांच्या साक्षी जमविल्या आणि १९६७ साली त्यांचे पुस्तक काढिले. सरकारी चौकश्यांनी प्रथम ते खोटे ठरविले. परंतु १९६९ साली कार्डिफ येथील एली इस्पितळाच्या चौकशीत तशाच गोष्टी सिद्ध झाल्या, आणि त्यानंतर दीर्घ मुदतीच्या इस्पितळांची पाहणी करण्यासाठी एक मंडळच स्थापन झाले. एका पाहुणीच्या भेटीपासून हे सर्व सुरू झाले, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा दाखला उलट्या बाजूचा आहे. २०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे कानडा देशातील वृद्धगृहांची दारे भेटीस येणाऱ्या घरच्या माणसांस बंद झाली. पुढे मनुष्यबळ इतके तुटले की सैन्य बोलवावे लागले. ऑन्टारिओ प्रांतातील पाच वृद्धगृहांविषयी सैन्याने मे महिन्यात जो अहवाल दिला, त्यात मळलेल्या अंथरुणात तसेच ठेविलेले वृद्ध, झुरळे, आणि मदतीसाठी हाका मारूनही न मिळालेले उत्तर यांचे वर्णन आहे. तो देश धनवान आहे, तेथे कायदेही आहेत. घरच्या माणसांच्या भेटी बंद झाल्या, तेव्हा आत काय चालले आहे हे बाहेर कळण्यासही सैन्य आत जावे लागले.

वाटणीत दुर्बळ माणूस मागे राहणे ही गोष्ट नवी नाही. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीतही रोजच्या वाटपात काही विधवांची उपेक्षा होऊ लागली, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात वाचतो. तेव्हा केवळ उपदेश करून भागविले नाही. सात माणसे नावानिशी नेमून ते काम त्यांच्याकडे सोपविले. पाहण्याचे काम सर्वांचे म्हटले की ते कोणाचेच राहत नाही, हा त्यातील बोध आहे.

४. भेटीस जाणाऱ्याने काय पाहावे

भेटीस जाऊन प्रार्थना करणे, केळी-बिस्किटे देणे, एवढ्याने भेट पुरी होत नाही. पुढील गोष्टी डोळ्यांनी पाहाव्या.

पहिली गोष्ट कातडी. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर व खांदे येथे एकसारखा दाब पडला म्हणजे रक्त पोहोचत नाही व जखम होते. आरंभी केवळ लाल डाग दिसतो. तो बोटाने दाबून सोडिला असता फिका होत नसेल, तर धोका सुरू झाला असे समजावे. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तेथे हात लावून पाहावे, जागा गरम, कठीण किंवा दुखरी लागते. डोरीन नॉर्टन या इंग्रज परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांबरोबर केलेला अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्यात लेप-मलमांपेक्षा नेमाने कूस बदलणे हेच खरे रक्षण आहे असे दिसून आले. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी आणि टाचा उशीने अधांतरी ठेवाव्या, हा नियम घरीही पाळावा. सूज्ञपणे विचारावे, “शेवटची कूस केव्हा बदलली?” उत्तर देणाऱ्यास आठवत नसेल, तर ते एक उत्तरच आहे.

दुसरी गोष्ट अन्नपाणी. वयाबरोबर तहानेची जाणीव मंद होते. म्हणून मागितले नाही याचा अर्थ नको आहे असा नव्हे. पेला हाताच्या टप्प्यात आहे काय, जीभ कोरडी आहे काय, बांगड्या किंवा कपडे सैल झाले आहेत काय, हे पाहावे. ताट भरलेले परत जात असेल, तर भूक नाही असे ठरविण्यापूर्वी कवळी जागेवर आहे काय ते पाहावे. पक्षघात झालेल्यास ठसका लागत असेल तर घाईने पाजू नये, डॉक्टरांस विचारावे.

तिसरी गोष्ट बांधणे व गुंगी आणणे. हातपाय खाटेस बांधलेले, किंवा भर दिवसा सतत झोपेत असलेले माणूस दिसले तर कारण विचारावे. कोणते औषध, कोणी लिहून दिले व कशासाठी. अमेरिकेत १९८७ साली कायदा झाला की, शिक्षा म्हणून किंवा नोकरांच्या सोयीसाठी वृद्धास बांधता अथवा गुंगीची औषधे देता येणार नाहीत. एकाएकी भ्रम झाला, रात्री बडबड सुरू झाली, तर ते म्हातारचळ समजू नये. मूत्रमार्गातील जंतुदोष, शरीरातील पाण्याची तूट, किंवा नवे औषध यांमुळेही असे होते, आणि वेळीच उपचार केल्यास पुष्कळदा ते बरे होते.

चौथी गोष्ट मान. माणसास नावाने हाक मारितात की खाटेच्या आकड्याने? आजी-आजोबा म्हणतात की “ए म्हातारे” म्हणतात? अंग पुसताना पडदा ओढितात काय? स्वतःची लघवीची जाणीव असलेल्या माणसास भांडे देण्याचा कंटाळा म्हणून लंगोट बांधून ठेविले आहे काय? ज्याने साठ वर्षे आपल्या हाताने होडी वल्हविली, त्यास हे मारापेक्षाही अधिक लागते.

पाचवी गोष्ट पैसा. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन येते त्या खात्याचे पासबुक कोणाकडे आहे, अंगठा कोणत्या कागदावर घेतला, सातबाऱ्यावर फेरफार झाला काय, हे विचारण्यात लाज नाही. या बाबतीत गुन्हा पुष्कळदा परक्याच्या हातून होत नाही. तो घरातच होतो.

हे सर्व पाहताना काम करणाऱ्या बायकांशी आदराने बोलावे. त्यांस नावाने ओळखावे, कूस बदलण्यास हात लावावा. आरडाओरड करून निघून गेलेल्या पाहुण्याचा राग मागे राहिलेल्या दुखणाइतावर निघतो. तक्रार करावयाची तर लेखी, तारीख घालून, मुख्य डॉक्टर किंवा व्यवस्थापक यांजकडे करावी.

५. कायद्याचा आधार

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ साली संमत झाला, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१० साली केले. तो हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सर्वांस सारखाच लागू आहे. मुले सांभाळीत नसतील तर आईबाप निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात; निपुत्रिक वृद्ध आपली मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा जाणार आहे, त्या नातलगाविरुद्ध करू शकतो. न्यायाधिकरणाचे प्रमुख उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, असतात. बोर्लीकरांस श्रीवर्धनचे प्रांत. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्यास अधिकार देऊन अर्ज करविता येतो. नोटीस लागल्यापासून साधारणपणे ९० दिवसांत निकाल व्हावयाचा, आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह ठरविता येतो. वृद्धास टाकून देण्याच्या हेतूने कोठेतरी सोडून जाणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

याच कायद्याचे २३ वे कलम आपल्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर किंवा वाडी लिहून दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकते. ता. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका आईने मुलास करून दिलेले बक्षीसपत्र याच कारणाने रद्द ठरविले. तथापि अट कागदावर स्पष्ट असावी. म्हणून बक्षीसपत्र करणाऱ्या वृद्धाने सांभाळाची अट त्यातच लिहवून घ्यावी, आणि सुवार्तिकाने अशा वेळी त्यास हे सांगावे. लातूर जिल्हा परिषदेने तर २०२० साली ठराव केला की, आईबापांस न सांभाळणाऱ्या आपल्या नोकरांच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापून आईबापांच्या खात्यावर जमा करावी. आणि तशी कपात केलीही.

शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आपल्या राज्यात १९४९ पासून आहे. नोंदणीचा दाखला दर्शनी जागी लावावा लागतो. २०२१ च्या सुधारलेल्या नियमांप्रमाणे रुग्णांच्या हक्कांची सनदही लावावयाची असते. दाखल करण्यापूर्वी भिंतीवर या दोन्ही पाहाव्या. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो मोठ्या अक्षरांत लिहून घरात लावावा.

परंतु कायद्याची मर्यादाही ओळखावी. न्यायाधिकारी पैसे देववू शकतो. खाटेजवळ बसवू शकत नाही.

६. आपण काय करावे

मोठ्या योजना आपणांस नकोत. प्रत्येक मंडळीने आपल्यापैकी कोण कोठे दाखल आहे याची एक वही ठेवावी, आणि प्रत्येक नावापुढे भेटीस जाणाऱ्या दोघांची नावे व भेटीची तारीख लिहावी. भेट ठरलेल्या दिवशीच नसावी. कधी सकाळी, कधी जेवणाच्या वेळी, कधी संध्याकाळी जावे, कारण खरी स्थिती जेवणाच्या वेळी कळते. आपल्या नातलगाची भेट झाल्यावर शेजारच्या खाटेवरील ज्याचे कोणी नाही, त्याजकडेही पाहावे. एस.टी.चे भाडे ही अडचण खरी आहे. पण ७५ वर्षांवरील माणसांस २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे आणि स्त्रियांस २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, म्हणून गावातील धडधाकट वृद्धांनीच दुखणाईत वृद्धांच्या भेटीचे काम उचलिले तर ते फार शोभेल. मुंबईस असलेल्या आपल्या तरुणांनी गावच्या माणसासाठी महिन्यातून एक रविवारची दुपार द्यावी. आणि जो मुलगा आखातात आहे, त्याने पैशाबरोबर आईशी बोलण्याची ठराविक वेळही पाठवावी. तिच्या आवाजावरून त्यास पुष्कळ कळेल.

ज्यांनी आपल्यास लहानपणी कुशीवरून वळविले, पाजिले व पुसले, त्यांची कूस बदलण्याची पाळी आता आपली आहे. ते काम आपण पैसे देऊन दुसऱ्याच्या हाताने करवू शकतो; ते झाले की नाही, हे मात्र आपल्याच डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतील कोणकोण आज घराबाहेर दाखल आहेत? त्यांस शेवटचे कोण व केव्हा भेटले?

२. सोबतीची जुनी रीत आपल्या गावात कोणत्या कारणांनी कमी झाली?

३. मार्जरी वॉरेन व बार्बरा रॉब यांनी जे पाहिले, ते इतरांस का दिसले नव्हते?

४. घरात पडून असलेल्या वृद्धाच्या बाबतीत चौथ्या भागातील पाच गोष्टींपैकी कोणती आपल्याकडून राहून जाते?

५. बक्षीसपत्रात सांभाळाची अट घालणे हा मुलावर अविश्वास होय काय? दोन्ही बाजूंनी विचार करा.